हायड्रोपोनिक्स: पाणी वाचतं, पण विजेचं काय?

अमेरिकेत जून २०२३ मध्ये एअरोफार्म्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोवरी फार्मिंग बंद पडली आणि मार्च २०२५ मध्ये प्लेंटीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. तिन्ही कंपन्या बंद इमारतीत, एलईडी दिव्यांखाली, मातीशिवाय पालेभाज्या पिकवत होत्या. इकडे आपल्या सोसायट्यांमध्ये मात्र 'गच्चीवर हायड्रोपोनिक्स करा' म्हणून विक्रेते फिरतायत. मी पाहिलेल्या एका माहितीपत्रकात पाण्याच्या बचतीचा आकडा ठळक होता. विजेबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

पाणी वाचतं हे खरंच आहे. मुळांना खतं विरघळलेलं पाणी थेट मिळतं आणि तेच पाणी फिरत राहतं. अ‍ॅरिझोनातल्या लेट्यूसवर २०१५ साली एक अभ्यास झाला. त्यात शेतात किलोमागे साधारण २५० लिटर, तर हायड्रोपोनिक्समध्ये २० लिटर पाणी लागेल असा हिशोब निघाला. पण ऊर्जा लागणार होती तब्बल ८२ पट! त्यातली बहुतेक ऊर्जा हरितगृह गरम-थंड ठेवण्यात जाणार होती.

आता घरचा हिशोब करू. १०० वॉटचा दिवा रोज १४ तास लावला तर महिन्याला ४२ युनिट. युनिट १० रुपये धरला तरी ४२० रुपये, आणि हाती काय? पालक-लेट्यूसच्या काही जुड्या. ज्यांच्या गच्चीवर फुकटचं ऊन पडतं त्यांनी दिवे का घ्यायचे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आपल्याकडे खरी अडचण थंडीची नाही, उन्हाळ्याची आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. मुळं गुदमरतात, मग पिथियमसारखी बुरशी लागून कुजतात. त्यात पाइपवाल्या पद्धतीत पाण्याचा फक्त पातळ थर वाहतो. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, पंप थांबला की काही तासांत रोपं माना टाकतात. शिवाय सगळ्या सोसायटीची टाकी एकच असेल तर एका रोपाची कूज सगळ्यांच्या रोपांपर्यंत पोचते.

म्हणून सुरुवात क्रॅटकी पद्धतीने करा असं मी सांगतो. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची ही पद्धत. पंप नाही, वीज नाही. प्रकाश आत न जाणारी बादली घ्यायची (नाहीतर शेवाळ धरतं), झाकणाच्या भोकात जाळीची कुंडी, त्यात कोकोपीट आणि रोप. पाणी कमी होत जातं तशी वरची मुळं हवेत राहून ऑक्सिजन घेतात. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच बादलीत.

खताच्या 'ए' आणि 'बी' बाटल्या घट्ट स्वरूपात एकत्र ओतू नका. 'ए'मधलं कॅल्शियम 'बी'मधल्या सल्फेट-फॉस्फेटबरोबर खाली बसतं आणि रोपाला मिळतच नाही. एक आधी पाण्यात मिसळायची, मग दुसरी. पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवा.

आणि सोसायटीत वर्गणी काढायच्या आधी एक गोष्ट लिहून घ्या: दिवाळीत सगळे गावी गेल्यावर पाणी आणि पीएच कोण बघणार, त्याचं नाव.