ट्रॅक्टरचीं कवचें : आधीं कोणतें, मागून कोणतें?

मुदखेडच्या काळ्या रानांत नांगराचें व गाडीचें काम बैलांकडून ट्रॅक्टरकडे गेलें, त्यास आतां बराच काळ लोटला. ऊंस, केळी, हळद आणि ज्यांसाठीं हा तालुका ओळखला जातो तीं फुलें, या सर्वांची मशागत व वाहतूक याच यंत्रावर चालते. यंत्र आलें, त्याचे हप्तेही आले. परंतु त्यापासून जीव राखण्याची विद्या मागें राहिली. ट्रॅक्टरवर पैसा घालण्यास आमचे शेतकरी बंधु मागेंपुढें पाहत नाहींत. जाड बंपर, रंगीत दिवे, मोठा कर्णा आणि गाण्याची पेटी हीं पहिल्या हंगामांतच चढतात. तेव्हां प्रश्न केवळ पैशाचा नसून क्रमाचा आहे. हा क्रम दुकानांतील शोभेवरून न ठरवितां, माणूस कशानें दगावतो यावरून ठरवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिलें कवच विकत मिळत नाहीं, तें नियमाचें आहे. दिनांक 4 एप्रिल 2025 रोजीं नांदेडजवळ आलेगांवच्या शिवारांत हळदीच्या कामास जाणाऱ्या मजुरांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत पडला व 7 स्त्रिया बुडून मेल्या. अशा प्रसंगीं ट्रॅक्टरवर बसविलेली कोणतीही वस्तु उपयोगी पडत नाहीं. ट्रॉली ही मालाची आहे. तींत माणसें बसवूं नयेत, मडगार्डवर पोरें बसवूं नयेत, आणि वाटेलगतच्या प्रत्येक विहिरीस कठडा बांधावा. कठड्याचा खर्च हा ट्रॅक्टरचाच खर्च समजावा.

दुसरें कवच उलटण्यापासून रक्षण करणाऱ्या चौकटीचें. आणि जो पैसा खर्चावयाचा तो प्रथम येथेंच खर्चावा. ओल्या काळ्या मातींत मागचीं चाकें रुतलीं आणि चालकानें जोर दिला, कीं चाकें फिरण्याऐवजीं पुढचें तोंडच उचललें जातें. दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर पाठीवर येतो. उडी मारण्यास तेवढी सवड नसते. ओढण्याची साखळी नेमल्या दांड्यास न लावतां वर कोठें बांधली, तर हा धोका फारच वाढतो. स्वीडन देशानें 1959 सालीं नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली. तेथें दर लाख ट्रॅक्टरांमागें उलटून मरणाऱ्यांची संख्या 17 होती, ती 1990 पर्यंत 0.3 वर आली. याहून बोलका पुरावा कोणता हवा?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. चौकट झाडांच्या फांद्यांत अडकते, हा पहिला. त्यास दुमडणारी चौकट मिळते. बागेबाहेर येतांच ती उभी करावी, म्हणजे झालें. दुसरा आक्षेप असा, कीं गांवचा वेल्डर स्वस्तांत नळ्या वळवून देतो. परंतु उन्हासाठीं केलेलें छप्पर म्हणजे चौकट नव्हे. उलटत्या ट्रॅक्टरचा भार जी पेलते व ज्या मॉडेलसाठीं जिची चाचणी झालेली असते, तीच खरी चौकट होय. शिवाय उभ्या चौकटीबरोबर पट्टा बांधलाच पाहिजे. नाहींतर चालक बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखालीं सांपडेल.

तिसरें कवच पी. टी. ओ. च्या दांड्यावरील झांकणाचें. हा दांडा मिनिटास 540, म्हणजे सेकंदास 9 फेरे घेतो. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यांत गुंतला, तर ओरडण्यापूर्वींच सर्व आटोपतें. मळणीच्या वेळीं अडचण होते म्हणून जें झांकण आपण काढून कोपऱ्यांत टाकतों, तें आजच परत बसवावें. यास फारसा खर्च नाहीं, म्हणून चौकटीसाठीं पैसा जमेपर्यंत थांबूं नये.

चौथें कवच रात्रीचें. उंसाच्या हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या अंधारांत रस्त्यावर उभ्या असतात; मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास त्या दिसतच नाहींत. येथें प्राण जातो तो परक्याचा, म्हणून आपली जबाबदारी अधिकच. मागें तांबड्या चमकत्या पट्ट्या व चालू दिवा असावा. आणि शेतांतून रस्त्यावर येतांना दोन्ही ब्रेकांचे पेडल खिटीनें जोडलेले असावेत, कारण वेगांत एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो.

हीं चार कवचें झाल्यावर मग बंपर घ्यावा, दिवे घ्यावे, आमची हरकत नाहीं. आमची सूचना इतकीच, कीं येत्या बैठकींत सभासदांनीं आपापल्या ट्रॅक्टरांचीं मॉडेलें लिहून द्यावीं व चौकटींची मागणी एकत्र करावी. दहा जणांच्या मागणीस जो भाव मिळतो, तो एकट्यास मिळत नाहीं. ट्रॅक्टरचा विमा उतरविलेला असला, तरी त्यांतून नवें लोखंड येईल. चालक परत येणार नाहीं.