ऑपरेशन मोफत आहे, पण बाळ तिथवर पोहोचते का?

पारनेर तालुक्यातील एखाद्या वस्तीवर बाळ जन्मते आणि त्याच्या पाठीवर, कमरेच्या जवळ, पातळ कातडीचा फुगा दिसतो. किंवा जन्मताना सगळे ठीक असते, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोके अंगाच्या मानाने फार मोठे दिसू लागते. मग चर्चा सुरू होते. आजी म्हणते, डोके मोठे म्हणजे पोर हुशार निघणार. शेजारीण विचारते, ग्रहणात भाजी चिरली होती का? कोणी देवऋषाचा पत्ता देतो. या चर्चेत आठवडे निघून जातात, आणि हेच आठवडे त्या बाळाच्या मेंदूसाठी सर्वात मोलाचे असतात.

पाठीवरचा फुगा म्हणजे स्पायना बायफिडा. गर्भात मणक्याची नळी पूर्ण बंद न झाल्यामुळे मज्जारज्जू उघडा राहतो. डोके वाढणे म्हणजे हायड्रोसेफॅलस, आपल्याकडच्या बोलीत ‘डोक्यात पाणी होणे’. मेंदूत रोज तयार होणारे पाणी वाहून जाण्याची वाट अडते, दाब वाढतो आणि मेंदू चेपला जातो. दोन्ही आजार अनेकदा एकाच बाळात आढळतात. दोन्हींवर शस्त्रक्रिया आहे. उघडी पाठ जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बंद करायची असते. पाण्यासाठी मेंदूतून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी, म्हणजे शंट, टाकतात.

प्रश्न तंत्रज्ञानाचा उरलेला नाही

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख बालकांना हायड्रोसेफॅलस होतो, असा २०१८ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातील बहुसंख्य आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि दक्षिण आशियातील गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात, तर बालमेंदूशल्यचिकित्सक मात्र श्रीमंत देशांत एकवटलेले आहेत.

तरीही ‘हे महागडे विज्ञान आहे, गरिबांना कसे परवडणार’ हे म्हणणे आता टिकत नाही. उत्तर प्रदेशातील शाहजहांपूरला बनणारा छाब्रा शंट याचा पुरावा आहे. युगांडातील म्बाले येथे डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये हा भारतीय शंट आणि अमेरिकी कंपनीचा महागडा शंट यांची तुलना केली. भारतीय शंट सुमारे ३५ डॉलरचा, दुसरा सुमारे ६५० डॉलरचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामांत फरक आढळला नाही. याच वॉर्फ यांनी दुर्बिणीतून पाण्याची नवी वाट करून देणारी, नळी न टाकावी लागणारी शस्त्रक्रियाही तिथल्या मुलांसाठी विकसित केली, कारण नळी बंद पडली तर दूरच्या खेड्यातले मूल वेळेत परत येऊ शकत नाही, हे त्यांना दिसत होते.

स्वस्त साधन आपल्याच देशात बनते. न्यूरोसर्जरीचे काम पुण्याच्या ससूनमध्ये, मुंबईच्या केईएममध्ये, परळच्या वाडिया बालरुग्णालयात चालते. मग पारनेरच्या बाळाचे अडते कुठे?

साखळी चार ठिकाणी तुटते

पहिली जागा जन्माच्याही आधीची. मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते. आपल्याला दिवस गेले आहेत हे तोवर अनेक स्त्रियांना कळलेलेही नसते. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात नाव नोंदवल्यावर मिळणारी फॉलिक अॅसिडची गोळी या एका कामासाठी उशिराच येते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने दाखवले की, आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड घेतले तर पुन्हा तसे बाळ होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अन्नात फॉलिक अॅसिड मिसळण्याचा ठराव केला. आपल्याकडच्या पोषणयुक्त तांदळात ते असते, पण किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तरी ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळते, आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीला हवे असते ४०० मायक्रोग्रॅम. त्यात पारनेरचे रोजचे जेवण भाताचे नाही, बाजरी-ज्वारीच्या भाकरीचे आहे.

दुसरी जागा ओळखण्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या जन्मदोषांच्या यादीत मणक्याच्या नळीचे दोष आहेत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पण बाळाचे डोके सहा महिने थांबत नाही. जन्मतः साधारण ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला सुमारे २ सेंटिमीटरने वाढतो. त्याहून वेगाने वाढला, टाळू फुगली, डोळे सतत खाली झुकलेले दिसले, तर वाट पाहायची नसते. हे ओळखायला शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी पुरते.

तिसरी जागा पैशाची. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा आणि ती सर्वांसाठी खुली करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाला वर्षापर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार आणि ने-आण मोफत आहे. कागदावर हे पुष्कळ आहे. पण सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्या बापाचे बुडालेले खाडे, पुण्यात सोबत राहणाऱ्यांचे जेवण, घरी राहिलेली भावंडे यांचा हिशेब कोणत्याच योजनेत नाही.

चौथी जागा सर्वात कमी बोलली जाणारी: ऑपरेशननंतरची. पहिल्याच वर्षात साधारण तीनपैकी एक शंट बंद पडतो किंवा त्यात जंतुसंसर्ग होतो. उलट्या, गुंगी, ताप दिसला की तासांचा हिशेब सुरू होतो. स्पायना बायफिडाच्या मुलाला तर लघवीची काळजी, पायांचे व्यायाम, शाळेतली सोय हे सगळे वर्षानुवर्षे लागते. योजना ऑपरेशनचे पॅकेज देते. मूल मात्र आयुष्यभराचे असते.

हक्काची भाषा

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. कुठे खाट नव्हती, कुठे तपासणीची सोय नव्हती. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची टंचाई ही राज्याची सबब होऊ शकत नाही. हा हक्क मजुरांच्या संघटनेने मिळवला, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट. अशा बाळाच्या आईला ‘तुझ्याच पापाचे फळ’ असे ऐकवले जाते. मागच्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये स्पष्ट नाकारला आहे. आपल्या घरांतही तो मागच्या दाराने येतो. विनयपिटकातील जीवक राजगृहाच्या श्रेष्ठीची सात वर्षांची डोकेदुखी कवटी उघडून बरी करतो. ती कथा इतिहास म्हणून किती घ्यावी यावर मतभेद असतील. पण दुखण्याचे कारण त्या कथेत शरीरातच शोधले जाते, पापात नाही.

आपण काय करू शकतो

विहारात मंगल परिणय ठरतो तेव्हा वधूला फॉलिक अॅसिडची माहिती द्या आणि गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळवून द्या. आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे मोजपट्टी आहे का, पहिल्या वर्षात वजनाबरोबर डोक्याचा घेर लिहिला जातो का, हे विचारा. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा. रुग्णालयात कुटुंबासोबत जा, आरोग्यमित्राला भेटा, कागदपत्रे आधीच जुळवा. माहितीच्या अधिकारात जिल्ह्याला विचारा: अशी किती बाळे सापडली, किती पुढे पाठवली, किती जणांचे ऑपरेशन झाले आणि त्यांतली किती आजही तपासणीला येतात? शेवटचा आकडा सर्वात महत्त्वाचा आहे. पहिल्या तीन आकड्यांवर अहवाल तयार होतो; मूल वाचले की नाही ते चौथ्यावरून कळते.

मागणी एवढीच ठेवू या की, जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी अशा मुलांची तपासणी व्हावी, म्हणजे दर वेळी पुणे-मुंबई गाठावी लागणार नाही. एक मोजपट्टी, एक गोळी आणि एक तपासणीचा दिवस. मागायला हे फार नाही.

जय भीम.