बीडीएस, बीएएमएस सोडून एमबीबीएस करायचंय? आधी एवढं बघा

दिवाळीची सुट्टी संपवून पहिल्या वर्षाची मुलं परत आली की एकेकटी केबिनपाशी घुटमळायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, परत नीट देऊ का?" कोणी बीडीएसला आहे, कोणी फिजिओथेरपीला, कोणाचा भाऊ बीएएमएसला आहे नि घरी फोन करून रडतो. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही मुलं पहिल्याच वर्षी माझ्या वाट्याला येतात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे, कारण चुकीच्या माहितीवर सोडलेल्या सीटा मी पाहिल्या आहेत, आणि नुसत्या भीतीपोटी न सोडलेल्याही.

पहिली गोष्ट. आपल्याकडे बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीपीटीएच किंवा नर्सिंगमधून एमबीबीएसमध्ये जायला आतून दरवाजा नाही. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, शिकलेल्या विषयांत सूट नाही. दंतवैद्यकाला शरीररचनाशास्त्रात पहिला आलेला मुलगाही एमबीबीएसला गेला की पुन्हा पहिल्या दिवसापासून तेच शिकतो. रस्ता एकच आहे. परत नीट द्यायची, परत कॅप राउंडला उभं राहायचं, परत पहिलं वर्ष. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, "डिग्री पूर्ण कर, मग मेडिकलला जा." तिथे आधी पदवी, मग एमकॅट, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल अशीच पद्धत आहे, म्हणून त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. इथे तो सल्ला लागू पडत नाही. "कॉलेज बदलून देतो, आतून सेटिंग आहे" असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याच्याशी बोलणंच बंद करा.

वयाची मात्र धास्ती नको. नीटची कमाल वयोमर्यादा 2022 मध्ये काढून टाकली आहे आणि किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. तेव्हा "आता उशीर झाला" हे एकोणिसाव्या वर्षी म्हणण्यात काही अर्थ नाही. पण बसता येतं म्हणून बसावंच असंही नाही.

बसावं की नाही, हे मार्कांवरून ठरवू नका, रँकवरून ठरवा. यात मुलं सगळ्यात जास्त फसतात. 2024 च्या नीटमध्ये पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 होते. सुधारित निकालात ती संख्या 17 वर आली. 2025 चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. म्हणजे 2024 मध्ये 600 मिळवून हळहळलेला आणि 2025 मध्ये 500 मिळवून खचलेला, यांची मार्कांवरून तुलनाच होत नाही. "फक्त वीस मार्कांनी हुकलं" हे वाक्य म्हणूनच विसरा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या फेऱ्यांच्या याद्या असतात. त्या उघडून तुमच्या प्रवर्गात सरकारी कॉलेजची शेवटची जागा कोणत्या रँकला गेली ते बघा आणि त्याशेजारी तुमची रँक लिहा. दोन्हींत थोडंच अंतर असेल तर एक प्रयत्न करण्यात शहाणपण आहे. अंतर मोठं असेल तर स्वतःला विचारा: गेल्या वेळी जे केलं त्यापेक्षा या वेळी वेगळं काय करणार आहात? उत्तर फक्त "जास्त मेहनत" एवढंच येत असेल तर ते पुरेसं नाही.

पेपरबद्दलही बोलायला हवं. पहिल्या वर्षाची मुलं मला सांगतात, "आता अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी शिकतोय, बायोलॉजी सोपं जाईल." जात नाही. नीटचं जीवशास्त्र अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या ओळींतून येतं, आणि त्यात वनस्पतिशास्त्रही असतं. कवटीची हाडं पाठ करताना प्रकाशसंश्लेषण विसरायला होतं. आणि खरी गळती भौतिकशास्त्रात होते. 45 प्रश्न, 180 गुण. बीडीएस किंवा बीएएमएसच्या पहिल्या वर्षात भौतिकशास्त्राला कुणी हात लावत नाही, आणि गणितं सोडवायची सवय दोन महिन्यांत जाते. पेपरचं रूपही बदललं आहे. 2025 पासून 180 प्रश्न, 180 मिनिटं, आणि प्रश्न सोडून देण्याची आधीची मुभा गेली. अभ्यासक्रमातून 2024 च्या परीक्षेपासून काही धडे वगळले, ते न बघता जुन्या नोट्स घेऊन बसणारेही भेटतात.

तेव्हा निर्णय घेण्याआधी एक रविवार मोकळा काढा. मागच्या वर्षीचा खरा पेपर घ्या, छापील ओएमआर घ्या, दुपारी दोन ते पाच बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. उणे गुण धरून स्वतः तपासा. रसायन आणि जीवशास्त्र वर येईल असं वाटेल. भौतिकशास्त्राचे गुण वेगळ्या कागदावर लिहा. मग सहा आठवडे रोज दोन तास फक्त भौतिकशास्त्र करून दुसरा जुना पेपर याच पद्धतीनं सोडवा. या सहा आठवड्यांत तुम्ही बसू शकलात का आणि आकडा हलला का, या दोन गोष्टींवरून जेवढं कळतं तेवढं कोणत्याही क्लासच्या समुपदेशकाकडून कळणार नाही. त्याला तुमची फी हवी असते.

आता चालू सीटचं काय करायचं. माझं मत स्पष्ट आहे: हातातली सीट आधी सोडू नका. पण धरून ठेवायची तर तिचे नियम वाचून ठेवा. प्रवेशाची माहितीपुस्तिका, जी फॉर्म भरताना सायबर कॅफेवाला चाळतो आणि आपण बघतही नाही, ती पूर्ण वाचा. आधीच कुठे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला नव्या फेऱ्यांत कोणत्या अटीवर भाग घेता येतो, प्रवेश कोणत्या तारखेपर्यंत रद्द केला तर पैसे परत मिळतात, त्यानंतर दंड किती, मूळ कागदपत्रं कधी सुटतात, हे सगळं त्यात असतं आणि दरवर्षी थोडं थोडं बदलतं. म्हणून मागच्या वर्षी सुटलेल्या ताईचा अनुभव पुरावा धरू नका. अखिल भारतीय कोट्याच्या शेवटच्या फेऱ्यांत तर मिळालेली जागा नाकारणं महागात पडतं: अनामत जप्त होते, आणि पुढच्या नीटला बसायलाही बंदी येऊ शकते. शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीवर एका अभ्यासक्रमाचं अर्थसाहाय्य घेतलं असेल तर नव्या अभ्यासक्रमाला ते मिळेल का, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचारा. जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेयरचे कागद आतापासून तयार ठेवा. ऐन राउंडमध्ये यांच्यापायी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

वेळेचं गणित करू. आयुर्वेदाच्या फेऱ्या लांबत लांबत हिवाळ्यापर्यंत जातात. नीट गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी होते आहे. मधे हातात जेमतेम पाच-सहा महिने, त्यात कॉलेजची हजेरी 75 टक्के. दोन्हीकडे अर्धं अर्धं केलं की पहिल्या वर्षालाही बॅक लागतो आणि नीटही जाते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की कळकळीनं सांगतो: दोन्ही करायचं असेल तर ठरवून करा. पहिल्या वर्षात पास होण्यापुरतं वाचा, उरलेला सगळा वेळ नीटला द्या, आणि हे घरी सांगून करा. लपवून नको. निकालाच्या दिवशी रँक अमुक यादीत बसली नाही तर परत नीट नाही, हे आधीच लिहून घरात कुणाच्या तरी हाती द्या. आणि दुसरं वर्ष पार केलेल्यांना माझा सल्ला वेगळा आहे. तुम्ही पदवी पूर्ण करा. अर्ध्यात सोडलेल्या अभ्यासक्रमाचं कुठलंच प्रमाणपत्र मिळत नाही.

या सगळ्याआधी विचारायचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण पहिल्या भेटीत त्याला कुणीच खरं उत्तर देत नाही. तुम्हाला एमबीबीएस हवं आहे, की जे आहे ते नको आहे? वर्गात मन लागत नाही, हॉस्टेलचं जेवण पचत नाही, गावात "दाताचा डॉक्टर" म्हणतात, मावसभाऊ एमबीबीएसला लागला. यातलं एकही कारण एमबीबीएस करण्याचं नाही. एमबीबीएसचंही पहिलं वर्ष असंच असतं, तीच हाडं, तेच फॉर्मॅलिन.

म्हणून माझी विनंती आहे: ओळखीच्या इंटर्नबरोबर, रीतसर परवानगी घेऊन, सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात एक रात्र थांबा. रात्री दोन वाजता इंटर्न काय करतो ते नीट बघा. एका हातात सिरिंज, खिशात जांभळ्या आणि लाल झाकणाच्या नळ्या; आजीची शीर सापडत नाही, तिसऱ्यांदा टोचतो, आजीचा मुलगा ओरडतो. नळ्यांवर चिकटपट्टी लावून नाव आणि नोंदणी क्रमांक लिहितो, फॉर्म भरतो, स्वतःच नमुने घेऊन लॅबकडे जातो, कारण मावशी दुसऱ्या वॉर्डात गेल्या आहेत. परत येईपर्यंत नवा पेशंट आलेला असतो. ओपीडीत स्टेथोस्कोप लावून बसलेला डॉक्टर यानंतर पुष्कळ वर्षांनी येतो. ही रात्र बघून तुमचं मन म्हणालं की मला इथेच राहायचंय, तर पुढचं सगळं सोसण्यासारखं आहे. दमलो, कंटाळलो असं वाटलं तर तेही खरं मानून घ्या.

पुढचं सगळं म्हणजे किती? साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून झालात तर एक वर्ष बंधपत्रित सेवा. मग नीट-पीजी, तिथेही बरेच जण एक-दोनदा बसतात, आणि तीन वर्षं एमडी-एमएस. विसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसलेली मुलगी तिशीच्या आसपास तज्ज्ञ होते. मुलींच्या आईवडिलांना हे मी अगदी उघड सांगतो. तेविसाव्या वर्षी लग्नाचा विषय काढायचा असेल तर आत्ताच तिला सांगा, तिच्या पुस्तकांवर पैसे घालण्याआधी. आणि तसं करायचं नसेल तर तेही तिला आत्ताच सांगा, तिला त्याचा मोठा आधार होईल.

पैशाचं थोडक्यात. सरकारी जागा मिळाली तर मध्यमवर्गीय घराला झेपतं. अभिमत विद्यापीठांपैकी अनेकांत वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे. त्यासाठी शेत विकू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. परदेशात जायचं म्हणाल, तर नीट पात्र व्हावंच लागतं. 2021 च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याजोगी पदवी हवी. परत आल्यावर इथल्या पात्रता परीक्षेत 300 पैकी 150 मिळवावे लागतात, आणि बहुतेक वेळा तिथे निम्म्याहून पुष्कळ कमी मुलं पास होतात. एजंट या गोष्टी शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही.

आता जे राहणार आहेत त्यांच्याशी. राहणं म्हणजे हरणं नाही, पण डोळे उघडे ठेवून राहा. बीएएमएस झालेल्यांना आपल्या राज्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांवर काम मिळतं, आणि तिथे मधुमेह-रक्तदाबाचे पेशंट रोज तेच तपासतात. बीडीएसनंतर मुखशल्यचिकित्सेत एमडीएस करणारे जबड्याचे फ्रॅक्चर आणि तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियांत असतात. गुटख्यानं पोखरलेल्या आपल्या राज्यात त्यांची गरज मोठी आहे. फिजिओथेरपीवाल्यांनी लकवा झालेल्या माणसाला पुन्हा चालायला लावताना मी पाहिलं आहे. सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे.

मात्र "बीएचएमएस करून पुढे अॅलोपॅथीच करू" या हिशेबानं कुणी राहू नका. 1996 च्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं होमिओपॅथीच्या डॉक्टरनं अॅलोपॅथीची औषधं देणं हाच हलगर्जीपणा ठरवला. आपल्या राज्यातला होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठीचा, आधुनिक औषधांचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्यांच्या नोंदणीवरून 2025 मध्ये डॉक्टरांचा संप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ज्या वाटेचा कायदा अजून स्थिर झालेला नाही, तिच्यावर आयुष्य उभं करू नये.

आईबाबांना एक शेवटचं सांगायचं आहे. मुलगा पुन्हा नीट देतो आहे म्हणजे घरातल्या जेवणाच्या ताटावर रोज मॉक टेस्टचे मार्क विचारायचे असं नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बोला. तो झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रांशी बोलणं तोडलं असेल, तर तो अभ्यासाचा भाग समजू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं, रात्रीही लागतो. आणि या वर्षीची माहितीपुस्तिका आली की मुलाच्या शेजारी बसून रद्द प्रवेशाचं पान तुम्हीही वाचा. सही तुमचीही असते.