उजळ म्हणजे गोरा नव्हे!

गेल्या शनिवारी एका मित्राचे फोटो काढले. निमित्त लग्नाच्या साइटवरच्या प्रोफाइलचं. पठ्ठ्या चांगला सावळा आहे. आल्या आल्या म्हणाला, "जरा उजळ येईल असं बघ रे. आईने बजावलंय."

म्हटलं, बघू. हॉलचा स्टुडिओ केला. सामान काय, तर एक फ्लॅश, एक पांढरी छत्री, दोन स्टँड आणि टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्मोकोल. मागे करड्या रंगाची भिंत.

पहिल्या फेरीत मित्राच्या आईची आज्ञा पाळली. फ्लॅश थेट समोरून, वर दीड स्टॉप जास्तीचा. निकाल? मित्र गोरा झाला खरा, पण नाक गेलं, गालाची हाडं गेली, कपाळ पांढरंफटक. आधारकार्डावरचा फोटो बरा म्हणायची वेळ! सावल्याच उरल्या नाहीत, तर चेहऱ्याला उठाव येणार कुठून?

दुसऱ्या फेरीत फ्लॅशची पॉवर कमी केली आणि दिवा हलवला. छत्री चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर, एका बाजूला पंचेचाळीस अंशात, डोळ्यांच्या जरा वर. दुसऱ्या बाजूला थर्मोकोल. अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडला. रेम्ब्रांच्या चित्रांत दिसतो म्हणून त्याला रेम्ब्रां लायटिंग म्हणतात.

यात जादू काही नाही, बारावीचं फिजिक्स आहे. अंतर दुप्पट केलं की प्रकाश एक चतुर्थांश. भिंत मित्राच्या मागे दोन मीटरवर, म्हणजे दिव्यापासून तीन मीटर. तिच्यावर पडणारा प्रकाश चेहऱ्यावरच्या साधारण नवव्या हिश्श्याइतका. भिंत आपोआप काळोखात गेली आणि चेहरा उठून दिसला. म्हणजे उजळ दिसायला रंग बदलावा लागत नाही, मागचं गडद करावं लागतं!

दुसरी गोष्ट त्वचेची. सावळी त्वचा आतून कमी प्रकाश परत फेकते, पण तिच्या पृष्ठभागावरची चकाकी गोऱ्या त्वचेइतकीच असते. उलट गडद रंगावर ती जास्त उठून दिसते. म्हणून दिवा मोठा हवा आणि जवळ हवा. मग ती चकाकी ठिपक्यासारखी न येता गालावरून, जबड्यावरून पसरत जाते, आणि चेहऱ्याची घडण दिसते.

आता मूळ मुद्दा. दोष आपण त्वचेला देतो, पण तंत्रसुद्धा काही निष्पाप नाही. कलर प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक लॅबना जी नमुना कार्डं देई, त्यांवर कित्येक वर्षं गोरी बाईच असायची. त्यांचं नावच 'शर्ली कार्ड'. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड आलं ते थेट 1990 च्या दशकात. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातलं 'फेअर' काढलं, पण फोनमधले ब्युटी फिल्टर चेहरा 'सुंदर' करताना गोराही करून टाकतात. आणि लग्नाचा फोटो म्हटला की स्टुडिओवालाही न विचारता दोन शेड वर नेतो.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर हे म्हणजे इनपुट चुकलेलं असताना आउटपुटला पॅच मारणं झालं. ते टिकत नाही. फोटोतला गोरा मुलगा कांदेपोहे खायला सावळाच जाणार आहे! ज्याला त्याचा रंग चालणार नाही त्याने फोटो बघूनच नकार दिलेला काय वाईट? निदान पेट्रोल तरी वाचेल.

म्हणून माझं मत: मित्राचा फोटो काढताना रंगाला हात लावू नका, दिवा हलवा. एक फ्लॅश आणि थर्मोकोल पुरतो.

मित्राने दोन्ही फोटो घरी पाठवले. आईला अर्थात पहिला आवडला. त्याने प्रोफाइलवर दुसरा लावलाय, आणि आईला अजून सांगितलेलं नाही.