मुलाखत म्हणजे भेट



'मुलाखत' हा शब्द आपल्या भाषेत फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ एवढाच की, भेट. परंतु नोकरीसाठी बोलावणे आलेला तरुण हा अर्थ पार विसरून जातो. त्याच्या डोळ्यांपुढे आरोपीचा पिंजरा उभा राहतो, मेजापलीकडची मंडळी त्याला वकिलांसारखी भासू लागतात, आणि मग रात्री जागून तो राजधान्या, पारितोषिके आणि मंत्र्यांची नावे पाठ करीत बसतो. या खटाटोपात खरी तयारी तशीच राहून जाते.

संघ लोकसेवा आयोगाचे उदाहरण घेऊ या. प्रशासन सेवा, पोलीस सेवा इत्यादींसाठी आयोग जी परीक्षा घेतो, तिची अंतिम यादी २०२५ गुणांवर ठरते. त्यांपैकी १७५० गुण लेखी परीक्षेचे व २७५ गुण मुलाखतीचे. परीक्षेच्या अधिसूचनेत आयोगाने स्पष्टच म्हटले आहे की, उमेदवाराच्या ज्ञानाची पारख लेखी परीक्षेत होऊन गेलेली असते. मुलाखत ही उलटतपासणी नसून हेतुपूर्वक चालविलेले सहज संभाषण होय. त्या संभाषणातून पाहावयाचे असते ते बुद्धीची तरतरी, मुद्देसूद मांडणी, समतोल निर्णयशक्ती, आवडींची विविधता व खोली, आणि बौद्धिक व नैतिक सचोटी. हा शेवटचा गुण विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क वर्गाच्या आणि ब वर्गातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. वशिल्याला वाव राहू नये, हा त्यामागील एक उद्देश होता. ज्या जागांसाठी मुलाखत आजही घेतली जाते, तेथे उत्तरांइतकेच उत्तर देणारे माणूसही पाहिले जाते. सरकारी कचेरी असो, खासगी कारखाना असो, शाळा असो वा रुग्णालय असो, 'या माणसाच्या हाती काम निर्धास्तपणे सोपविता येईल काय?' हाच मेजापलीकडच्यांचा मुख्य प्रश्न असतो.

म्हणून तयारीचा आरंभ आपल्या अर्जापासून करावा. बहुतेक प्रश्न तेथूनच निघतात. अर्जाची एक प्रत समोर घेऊन तीतील प्रत्येक ओळीखाली स्वतःला विचारावे, 'यावर मला पाच मिनिटे बोलता येईल काय?' छंदाच्या रकान्यात 'वाचन' असे लिहिले असेल, तर अलीकडे कोणते पुस्तक वाचले व त्यातील काय पटले नाही, हे सांगता आले पाहिजे. पुस्तकाला वर्षभरात हात लावला नसेल, तर तो शब्द लिहूच नये. त्याऐवजी 'घरच्या परसात भाजीपाला लावतो' असे लिहिणारा उमेदवार अधिक निर्भयपणे बोलेल, कारण कोणते बी केव्हा पेरावे, हे त्याला घोकावे लागत नाही.

आपल्या गावाविषयीही असेच. इंदूरच्या मुलीला अहिल्याबाई होळकरांची राजधानी महेश्वर येथे होती, हे ठाऊक असावे. वडोदऱ्याच्या मुलाला सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस शिकावयास गेले, हे सांगता यावे. गोव्याच्या उमेदवाराला १९ डिसेंबर १९६१ आणि ३० मे १९८७ या दोन तारखांमधील फरक उलगडून दाखविता यावा. पहिल्या तारखेस गोवा मुक्त झाला आणि दुसऱ्या तारखेस तो घटकराज्य बनला.

बेळगावच्या उमेदवाराची कसोटी याहून अवघड. सीमाप्रश्न त्याला हमखास विचारला जाईल. अशा वेळी आवेशाने भाषण करणे जितके घातक, तितकेच अंग चोरून 'मला त्यातले काही कळत नाही' असे म्हणणेही घातक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हा क्रम शांतपणे सांगावा. दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडावे आणि मग आपले मत थोडक्यात द्यावे. अमुकच मत असले पाहिजे, असा कोणाचा आग्रह नसतो. ज्या प्रश्नाने आपल्या घरातली माणसे पेटून उठतात, त्यावरही आपण न्यायाने बोलू शकतो की नाही, हे तेथे पाहिले जाते.

ज्याचे उत्तर येत नाही, तेथे 'मला ठाऊक नाही' असे सरळ म्हणावे. अडखळत रचलेले उत्तर अनुभवी कान तत्काळ ओळखतात, आणि मग पूर्वीच्या खऱ्या उत्तरांवरही त्यांचा विश्वास उरत नाही. शिक्षणात वर्ष वाया गेले असेल, वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली असेल, तर तेही दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हावे. न केलेल्या कामाचा अनुभव मात्र कोणी कितीही सुचविले तरी अर्जात लिहू नये. त्या खोट्याच्या आधाराने नोकरी लागली, तरी ती जाण्याची धास्ती जन्मभर पाठ सोडीत नाही.

भाषेची धास्ती पुष्कळांना असते. लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यास मुलाखतही मराठीतून देता येते. जेथे इंग्रजीच हवी, तेथे लहान वाक्ये बोलावीत. अवघड शब्दांच्या मागे लागू नये. शिवाय घरी मराठी, बाजारात कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू बोलत वाढणे ही आपली मोठी मिळकत आहे. ती लपवू नये.

बाकीच्या गोष्टी लहान, पण जपण्याच्या. मूळ प्रमाणपत्रे क्रमाने लावलेली असावीत. परगावी जावयाचे असेल, तर आदल्या दिवशी पोहोचून जागा पाहून यावी. कपडे स्वच्छ व सवयीचे असावेत. नव्या बुटांनी पाय चावून घेण्याचा तो दिवस नव्हे. पूर्वीच्या मालकाची निंदा करू नये. आता कित्येक मुलाखती घरबसल्या संगणकावर होतात. तेव्हा उजेड तोंडावर पडेल असे बसावे आणि कुकरच्या शिट्ट्या तासभर थांबविण्याची विनंती घरी आधीच करावी.

आणि एक सराव अवश्य करावा. ओळखीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्या बाईंच्या हाती आपला अर्ज द्यावा आणि अर्धा तास त्यांना हवे ते विचारू द्यावे. मनात जुळविलेले उत्तर मोठ्याने बोलू लागताच कोठे लंगडते, ते तेव्हाच कळते.

शेवटी दोन शब्द आईवडिलांसाठी. एका जागेसाठी अनेक पात्र उमेदवार येतात. निवड न होणे म्हणजे माणूस नापास होणे नव्हे. मुलगा वा मुलगी मुलाखतीहून परतली की दारातच 'काय काय विचारले?' असा मारा करू नका. ती दुसरी मुलाखत होते, आणि पहिलीपेक्षा कठीण. आधी पाणी द्या, जेवू घाला. सांगावयाचे ते ती आपणहून सांगतील.