हाडातले चिकट बिऱ्हाड

घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत पाण्याचे पिंप रिकामे झाले, की त्याच्या आत बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागते ना? तो जीवाणूंचा थर. नुसते पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो.

मोडलेले हाड जोडण्यासाठी बसविलेल्या धातूच्या पट्टीवरही असा थर जमू शकतो. पुष्कळदा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूचा असतो. चिकट आवरणात दडलेल्या जीवाणूंना मारायला कधी शेकडो पट औषध लागते, आणि तेवढे रोग्याला देता येत नाही! हाडात बांधणाऱ्या पेशी असतात, तशा पोखरणाऱ्याही. एरवी दोघींचा मेळ असतो. जीवाणू बांधणाऱ्या पेशींना मारतात, काहींच्या आत लपतात आणि त्यांच्याचकडून पोखरणाऱ्यांना आवतण धाडतात. हाड झिजते, पट्टी सैल होते.

म्हणून पट्टीच्या जागी जखम वाहू लागल्यावर दुकानातून चार गोळ्या आणून स्वस्थ बसणे मला घातक वाटते. पू थांबतो, थर राहतो. पुन्हा शस्त्रक्रिया म्हटले की घरचे कुरकुरतात. पण जागा खरवडावी लागते, वेळप्रसंगी पट्टीही काढावी लागते. आधी गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यांमुळे तपासणीत जीवाणू सापडेनासे होतात.