सांभाळणाऱ्यांना सुट्टी कोण देणार?

अंथरुणाला खिळलेले वडील, स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई, स्वमग्न मुलगा, स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ. आपल्या नात्यात नाहीतर शेजारी असे कुणीतरी असतेच, आणि त्यांच्यामागे अहोरात्र राबणारे कुणीतरी असते. या राबणाऱ्यांना अधूनमधून हक्काची विश्रांती मिळावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा, ही मागणी आता आपण सर्वांनी एकमुखाने करायला हवी.

१. शुश्रूषा हे चोवीस तासांचे काम आहे. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी जखम होते. नळीतून पातळ अन्न द्यायचे, डायपर बदलायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची आणि रात्री दोन वाजता पुन्हा कूस बदलायला उठायचे. कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी १९४८च्या कायद्याने दिली. घरातल्या सुनेने ती कुणाकडे मागायची?

२. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार वृद्ध आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. योग्यच आहे! पण जे सोडत नाहीत, वर्षानुवर्षे निभावतात, त्यांच्यासाठी त्याच सरकारकडे काय आहे? कर्तव्य शिकवणाऱ्याने ते पार पाडण्याचे बळही दिले पाहिजे.

३. हा भार बहुतेक घरांत बाईवरच पडतो. नोकरी तीच सोडते. पगाराबरोबर तिचा भविष्यनिर्वाह निधीही थांबतो. ब्युरोची मावशी दोन्ही पाळ्यांना ठेवायची तर मध्यमवर्गीयाचा पगार पुरत नाही. रोजंदारीवरच्या घराने तर तो विचारही करू नये. आपल्या संस्कृतीचे गोडवे गाताना तिची किंमत कोण मोजते, हे विसरणे हा ढोंगीपणा आहे.

४. कायद्यात आधार नाही असे नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांची जबाबदारी सरकारवर टाकतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत तात्पुरत्या सांभाळाची सोय आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व यांपुरतीच. पक्षाघाताच्या रुग्णाला तिथे जागा नाही. केरळने ‘आश्वासकिरणम्’मधून काळजीवाहकांना महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी, पण दखल घेतली! आपल्याकडे महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून गरजू ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळतात, त्यातून कमोडची खुर्ची येते. तिच्यावर बसवणारे हात थकले तर काय, याचे उत्तर योजनेत नाही.

५. ‘पैसा कुठून आणायचा?’ असे विचारले जाईल. थकलेल्या हातून औषधाची वेळ चुकते, जखम चिघळते, रुग्ण पुन्हा दवाखान्यात जातो. मग सांभाळणारीचीच पाठ धरते, रक्तदाब वाढतो आणि एका घरात दोन रुग्ण होतात. शेवटी तो खर्चही सरकारी रुग्णालयावरच येतो. विश्रांती नाकारण्यात बचत नाही, नुसती दिरंगाई आहे.

६. दोन आठवडे आईला सांभाळ केंद्रात ठेवले की ‘टाकली बरं का आईला’ अशी कुजबुज सुरू होते. ही कुजबुज आपलीच आहे, ती आपणच थांबवली पाहिजे. चार दिवस झोप घेऊन पुन्हा सेवेला उभे राहणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

७. म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अशा तात्पुरत्या मुक्कामासाठी राखीव खाटा हव्यात. प्रत्येक महापालिकेने दिवसभराचे सांभाळ केंद्र चालवावे. घरी येणारा प्रशिक्षित बदली माणूस वर्षातून किमान पंधरा दिवस मिळावा, आणि काळजीवाहक भत्ता थेट खात्यात जमा व्हावा. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला यांवर तारखेसह उत्तर मागा. माया घरचे करतीलच. त्यांना उसंत मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती त्याच्या गळी उतरवणे ही आपली.